पोटखराबा म्हणून लिहिलेलं रान

तलाठ्याच्या नोकरीत एक शब्द मी हजारो वेळा लिहिला असेन : पोटखराबा. सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्राखाली त्याची ओळ असते. खडक, ओघळ, झुडपं, नांगर चालत नाही असा कोपरा, सगळं त्या एका ओळीत बसतं. माझी बहुतेक नोकरी शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत झाली. निवृत्तीनंतर या शब्दाशी माझं भांडण सुरू झालं आहे आणि ते मला चारचौघांत मांडायचं आहे.

घोड नदीकाठच्या एका गावात असाच ४२ आर पोटखराबा होता. गावाचं नाव लिहीत नाही, कारण असं रान तेव्हा गावोगाव होतं. दहा-बारा हिवर, बोरी, खैराची झुडपं, कडेनं तरवड, मधे शेंदूर लावलेला म्हसोबा आणि बांधालगत तीन जुन्या चिंचा. चैत्रात त्या शिवारात गेलो की घरातल्या आजी चिंचेखाली गोणपाट टाकून चिंचा फोडत बसलेल्या असत. टरफल काढलेली चिंच दगडावर धरायची, हातोडीचा एकच ठोका, चिंचोका उडून बाजूला. शिरा ओढल्या की गर पाटीत. हात चालू ठेवूनच त्या म्हणत, "बसा भाऊसाहेब, ऊन उतरू द्या." हिवराच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी राहायची. त्यातला एक मान वळवून आमच्याकडे बघत बसायचा. आजी त्याला राखणदार म्हणत.

पुढे कालव्याचं पाणी आलं आणि पाण्यामागून ऊस आला. जेसीबीनं दोन दिवसांत रान सपाट केलं. चिंच हे झाडतोडीच्या १९६४ च्या कायद्यातल्या अनुसूचीतलं झाड आहे, त्यामुळे तिच्यासाठी परवानगी काढावी लागली. दोन चिंचा परवानगीनं गेल्या. हिवर आणि बोर त्या अनुसूचीत नाहीत, त्यांच्यासाठी कुणाला विचारायचं कारणच नव्हतं. ते ४२ आर लागवडीखाली आल्याची नोंद झाली. ती नोंद माझ्या हातची आहे आणि कागदोपत्री तिच्यात एकही चूक नाही.

शेतकऱ्याला मी दोष देत नाही. जिथे वर्षाला ५०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे दारात आलेलं पाणी कोण सोडेल? दोष आहे तो आपल्या नोंदीच्या पद्धतीत. ज्या रानाला कागदावर 'खराबा' म्हटलं, ते मोडताना मनाला काही लागत नाही. उलट खराब काहीतरी सुधारलं, असंच वाटतं.

हे माझ्या ध्यानात आलं ते परमुलखात. मुलगी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या एका खेड्यात राहते. एप्रिल अखेरीला तिच्याकडे गेलो असताना एका सकाळी ती मला घराजवळच्या राईत घेऊन गेली. राई असेल पाच-सहा एकरांची. वाट एका खासगी शेताच्या मधून जात होती. लाकडी फाटक उघडायचं, आत जायचं आणि आठवणीनं परत लावायचं. ओकला नुकती पालवी फुटत होती आणि खाली जमिनीवर ब्लूबेलच्या निळ्या फुलांचा गालिचा पसरला होता. वरची पानं दाट होऊन ऊन अडवायच्या आत ही फुलं आपलं काम उरकून घेतात. हेझलची झुडपं बुंध्यापासून छाटलेली होती आणि त्यांना नवे फोक फुटले होते. पूर्वी तिथले लोक काही वर्षांच्या फेऱ्यानं अशी छाटणी करत, त्यातून कुंपणाला काठ्या आणि चुलीला सरपण मिळे. म्हणजे ही राई माणसांनी वापरली होती आणि वापरूनच टिकवली होती.

माझं मन अडकलं ते मुलीच्या हातातल्या नकाशात. त्या एवढ्याशा राईला नकाशावर नाव होतं, आतून जाणारी पायवाट तुटक रेषेनं दाखवली होती. इंग्लंडमध्ये इ. स. १६०० पासून अखंड असलेल्या रानाला 'प्राचीन वन' मानतात आणि अशा रानांची देशभराची यादी आहे. ही यादी काही सुखासुखी झालेली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्याही कितीतरी जुन्या राया शेतीसाठी आणि सूचिपर्णी झाडांच्या लागवडीसाठी गेल्या. उरलेल्या तरी हाताशी राहाव्यात म्हणून १९८१ पासून याद्या करायला घेतल्या. नोंदीवर पोट भरलेल्या माणसाला ही गोष्ट चटकन कळते. ज्याला नाव आहे आणि ज्याचं पान आहे, ते मोडताना माणूस एकदा तरी थांबतो.

आपल्याकडे शब्दांची वाण नाही. राई, बन, झाडी, कुरण, माळ, देवराई, चिंचबन, बाभूळबन. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात देवरायांचा अभ्यास केला तेव्हा सह्याद्रीतल्या अशा राया जगापुढे आल्या. पण पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातली आमची लहान रानं कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. ती घनदाट नाहीत, त्यांत धबधबा नाही, वर्षातले आठ महिने ती करपलेलीच दिसतात.

तरी शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीला जाऊन पाहा. चिंचा आणि मोर, दोन्ही गावाच्या नावातच आहेत. या चिंचा पेशवाईत लावल्या, असं गावात सांगतात. आषाढातल्या पहाटे मी तिथे बांधावर उभा होतो. आधी केकावली कानावर आली, मग चिंचेच्या फांदीवरून एकामागून एक मोर जड पंखांनी खाली उतरले आणि बाजरीच्या कडेनं चालू लागले. मोर बाजरी खातो, कोवळी रोपं मोडतो, आणि गावानं ते सोसलं आहे. या सोसण्याची किंमत पुण्याहून गाडी घेऊन जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी ओळखायला हवी. आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. मोर रात्री मुक्काम करतो उंच झाडावर, पण लांडोर अंडी घालते जमिनीवर, झुडपाच्या आडोशाला. नुसत्या चिंचा राखून मोर राहत नाही. त्याला खालचं गचपणही लागतं, म्हणजे पुन्हा तोच आपला पोटखराबा.

दौंडच्या बाजूनं चौफुल्याहून सुप्याकडे गेलं की बारामती तालुक्याच्या हद्दीत मयूरेश्वर अभयारण्य लागतं. ते १९९७ साली जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. तिथला मुख्य रहिवासी चिंकारा. त्याचं जंगल म्हणजे गवत आणि विरळ झुडपं. म्हणून हात जोडून विनंती आहे, वृक्षारोपणाच्या उत्साहात प्रत्येक माळावर खड्डे घेऊ नका. गवताचा माळ हा रिकामा माळ नव्हे.

बिबट्याचं बोलल्याशिवाय मात्र आमच्या भागात रानाविषयी बोलता येत नाही. शिरूरच्या बेट भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, लहान मुलं गेली. त्या आईबापांसमोर रानाचं कौतुक सांगायला जीभ रेटत नाही. त्यांना संरक्षण मिळालंच पाहिजे, आणि ते वेळेवर मिळालं पाहिजे. पण हिवर-बोरी तोडून बिबट्या जाईल, हा समज खरा नाही. आज तो उसात राहतो, उसात पिल्लं घालतो. झुडपं गेली आणि त्याच जमिनीवर दहा-बारा महिने उभं राहणारं दाट पीक आलं, त्यात त्याला घर सापडलं.

याच घोड नदीच्या काठावर, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथे उत्खनन केलं. ताम्रपाषाण युगातली शेतकऱ्यांची वसाहत सापडली. बार्ली पिकवणारी, पाण्याचा पाट काढणारी. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी हवामान कोरडं होत गेलं तशी शेती खालावली. मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, आणि माणसं शेळ्यामेंढ्यांवर आणि शिकारीवर जास्त विसंबू लागली. पीक बुडालं तेव्हा त्यांना धरून ठेवलं ते माळानं आणि रानानं. आज पाणी कालव्यानं येतं म्हणून आपण निर्धास्त आहोत. पण आमच्या दोन तालुक्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे.

माझं मागणं मोठं नाही. ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये 'बांधावरची झाडे' नोंदवायची सोय आहे. पीक नोंदवून झालं की फोन खिशात जातो. तो तेवढी दोन मिनिटं हातात ठेवा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ती ग्रामसभेत वाचायला मागा आणि आपल्या गावच्या राईचं नाव तिच्यात आहे का ते बघा. माझ्या जुन्या खात्याला सांगणं आहे की पोटखराब्याच्या ओळीत झाडोरा वेगळा दाखवा. खडक आणि राई एका शब्दात कोंबू नका. शिक्षकांनी वर्षातून एकदा मुलांना गावच्याच रानात न्यावं. सहलीला महाबळेश्वरच हवं असं नाही.

मागच्या महिन्यात मी त्या ४२ आराकडे पुन्हा गेलो. आजी आता नाहीत. नातू शेती बघतो. ऊस डोक्याच्या वर गेला आहे आणि बांधावर तिसरी चिंच अजून उभी आहे. तो म्हणाला, "भाऊसाहेब, हिला कधी हात लावला नाही. आजीची जागा आहे ती." मी त्याला फोन काढायला लावला. गट क्रमांक टाकला, बांधावरची झाडे उघडलं, बुंध्याशी उभं राहून फोटो घेतला. मग त्यानं झाडाचं नाव निवडलं आणि संख्येच्या चौकटीत आकडा भरला. चिंच, १.