कर्व्यांनी जपानकडून घेतलं ते

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांना तोटा नाही. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर उभं राहावं, म्हणजे कळेल. मीही त्याच गर्दीतून आले. आज चाकणकडच्या कारखान्यांसाठी भाषांतरं करते, त्यामुळे जपानीबद्दल तक्रार करायला मला तोंड नाही. माझी तक्रार पुढची आहे. जपानी यंत्राची माहितीपुस्तिका मी इंग्रजीत आणते. सुपरवायझर ती वाचतो आणि मशीनवरच्या ऑपरेटरला मराठीत तोंडी सांगतो. मधे जे गळतं ते गळतं. मराठी प्रत माझ्याकडे आजवर कुणी मागितलेली नाही.

ज्ञान इंग्रजीतच ठेवण्याचा हा मोह जपानलाही झाला होता. पुढे शिक्षणमंत्री झालेल्या मोरी आरिनोरींनी 1870 च्या दशकाच्या सुरुवातीला, देशाचा कारभार आणि शिक्षण इंग्रजीत न्यावं, असं सुचवलं. लंडनमध्ये शिकणाऱ्या बाबा तात्सुईने 1873 मध्ये जपानी भाषेचं व्याकरणच लिहून त्याला उत्तर दिलं. त्याचा मुद्दा साधा होता: ज्यांना इंग्रजी शिकायला सवड आहे ते आणि बाकीचे, असे दोन तुकडे पडतील. जपानने परदेशी तज्ज्ञांना भरभक्कम पगार देऊन बोलावलं, त्यांच्याकडून विद्या घेतली, आणि मग ती आपल्या भाषेत शिकवणारी आपली माणसं उभी केली.

हे पुण्यात एका माणसाला नेमकं उमगलं होतं. बनारसच्या शिवप्रसाद गुप्तांनी पाठवलेली, टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका धोंडो केशव कर्व्यांनी वाचली. डिसेंबर 1915 मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी तशाच विद्यापीठाची कल्पना मांडली आणि 1916 मध्ये ते सुरूही केलं. विद्यार्थिनी पाच. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी मात्र सक्तीचा विषय. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलेल्या माणसाला इंग्रजीचं वावडं असण्याचं कारण नव्हतं.

मुलींचा अभ्यासक्रम वेगळा ठेवण्याचा त्यांचा आग्रह मला आजही पटत नाही. तेव्हाही तो अनेकांना खटकला होता. पण भाषेचा हट्ट त्यांनी किंमत मोजून केला. पुढे विद्यापीठाला उद्योगपती ठाकरसींची 15 लाखांची देणगी मिळाली, तरी कायद्याने मान्यता यायला 1951 उजाडलं. पदवीला सरकारदरबारी मोल नाही हे माहीत असूनही मुली शिकत राहिल्या.

आज त्याच कर्व्यांचं नाव दिलेल्या पुण्यातल्या कर्वे रस्त्यावरून इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या बस जातात आणि संध्याकाळी मोठी मुलं जपानीच्या क्लासला. जपानी आपण नोकरीसाठी घेतली, यात वाईट काहीच नाही. पण कारखान्यांनी कामगाराच्या हातात मराठी पुस्तिका द्यावी, आणि विद्यापीठांच्या जपानी विभागांनी थेट जपानीतून मराठीत तांत्रिक भाषांतर करायला शिकवावं. एवढी मुलं दरवर्षी जपानी शिकून बाहेर पडतात. त्यातली दहा जणं जरी या कामाला लावली, तरी सुरुवातीला पुरे.