पदकाआधीची भाकरी

धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला तो तब्बल २२ वर्षांनी आला. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांच्याच नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी सुवर्णपदक जिंकले होते. परंतु त्याच वर्षी आर्थिक ओढगस्तीमुळे खेळ सोडण्याचा विचार त्यांच्या मनात आला होता. जवळजवळ दहा वर्षे एकवेळच्या जेवणावर काढल्याचे त्यांनीच पुढे सांगितले. स्थैर्य लाभले ते तुळजापूरला क्रीडा अधिकाऱ्याची नोकरी मिळाल्यावर.

नॉर्वेत २०१७ साली राष्ट्रीय फुटबॉल संघातील स्त्री-पुरुषांचे मानधन समान झाले. त्यासाठी पुरुष खेळाडूंनी आपल्या उत्पन्नातील काही वाटा सोडला. आपल्याकडे २०२२ साली खो-खोची व्यावसायिक लीग सुरू झाली, ती मात्र पुरुषांची! मुलींना आधार उरतो तो शासकीय नोकरीतील राखीव जागांचा, आणि तोही पदकानंतर. उपासाची वर्षे त्याआधीची असतात. तुळजापूर तालुक्यातीलच अणदूरसारख्या गावची एखादी चपळ मुलगी त्या वर्षांत मैदान सोडते, तेव्हा तिची नोंद कोणत्याही दप्तरी होत नाही. खेळाडू मुलींचा आहारभत्ता संघनिवडीनंतर नव्हे, शाळेच्या मैदानावरच सुरू झाला पाहिजे.