हयात असल्यास समक्ष हजर राहावे

सक्करदरा चौकात सकाळी आठच्या सुमाराला तर्री-पोह्यांच्या गाडीपाशी उभं राहिलं, की जगातल्या कुठल्याही प्रश्नावर मत मिळतं. पोह्यांचे पैसे पडतात, मत फुकट असतं. सहा वर्षं जर्मनीत नोकरी करून मी २०२२ साली परत आलो, तेव्हापासून या गाडीपाशी मला 'जर्मनीवाले' असा हुद्दा मिळाला आहे. पगार नाही, पण तर्री थोडी जास्त मिळते.

"काय भाऊ, तिकडे तर सगळं सिस्टिमॅटिक असते नं? एक कागद देल्ला का काम झालं. आपल्यासारखं नाही. नाही का?"

असं विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, 'हो' हवं असतं. आजवर मी 'हो' म्हणत आलो, कारण नाही म्हणायला गेलो तर पोहे गार होतात. पण आज पोहे घरी बांधून आणले आहेत आणि एकदाचं सविस्तर भांडायचं ठरवलं आहे. भांडण जर्मनीशी आहे आणि आपल्याशीही आहे. काठी एकच, पाठी दोन.

आधी जे गोड ते सांगून टाकतो. परदेशाला नुसत्या शिव्या देणारा आणि परदेशाची नुसती आरती ओवाळणारा, हे दोघेही तिथे धड राहिलेले नसतात.

तिथला रविवार घ्या. दुकानं बंद. रिकामी काचेची बाटली रविवारी पेटीत टाकायची नाही, कारण आवाज होतो. ज्याचं बालपण बुधवार बाजाराच्या कालव्यात गेलं, त्याला पहिल्या रविवारी वाटलं, कोणी मोठा पुढारी गेला असावा. पण दहा-बारा रविवारांनंतर त्या शांततेची अशी चटक लागली, की आता इकडे शेजारच्या मंगल कार्यालयात बँड सुरू झाला की मी मनातल्या मनात जर्मन होतो.

प्लॅस्टिकची रिकामी बाटली यंत्रात घातली की पंचवीस सेंट परत मिळत. सक्करदऱ्यात रद्दीवाल्याच्या काट्याशी वीस वर्षं झुंजलेल्या आमच्या सौ.ना या यंत्राचा विलक्षण आदर होता. "हे काटा मारत नाही," हे त्यांनी जर्मन संस्कृतीला दिलेलं सर्वोच्च प्रशस्तिपत्र. वसंतात पांढऱ्या शतावरीचे कोंब बाजारात आले, की तो गंभीर देश आपल्याकडच्या आंब्यासारखा खुळावतो, आणि २४ जूनला हंगाम संपला की पुन्हा गंभीर होतो. हेही मला फार आवडलं. ज्या देशाला कशाची तरी वाट पाहता येते, तो देश राहायला बरा.

आणि पाडवा! तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर आम्ही गुढी उभारली, तासाभरात दारावरची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरच्या म्हातारबाई. मला वाटलं, झाली तक्रार. बाई म्हणाल्या, "पाऊस येणार आहे. तुमचं रेशमी कापड वाळत घातलंय, ते भिजेल." सगळं समजावून सांगितल्यावर त्यांनी तांब्याकडे पाहून तो पक्का बसवला आहे ना, एवढंच विचारलं. पुढल्या वर्षी मार्च लागताच त्याच विचारायला आल्या, "यंदा रेशीम केव्हा?" माणसं सगळीकडे माणसंच असतात हो. गडबड होते ती माणसाचा अर्जदार झाला म्हणजे.

आता कागद. जर्मनीत नव्या घरात राहायला गेलं की दोन आठवड्यांत सरकारदरबारी नाव नोंदवायचं. नोंदणीला घरमालकाचा दाखला हवा. घरमालकाला पगाराची पावती हवी. पगाराला बँकेचं खातं हवं. खात्याला नोंदणीचा दाखला हवा. याला मारुतीचं शेपूट म्हणवत नाही. शेपटाला निदान टोक असतं. मग टीव्हीची पट्टी आली, घरटी महिना साडेसतरा युरो. आमच्या घरी टीव्ही नव्हता. तसं सविनय कळवलं. उत्तर आलं, टीव्ही असण्याची आवश्यकता नाही, पैसे पुरेसे आहेत.

यावर मी हसत असे. गावाकडे पत्र लिहावं तशा खुशीनं आईला फोनवर सांगत असे. ती सक्करदऱ्यातल्या घरी. मामेभावाचं कुटुंब शेजारीच, त्यामुळे काळजी नव्हती. वडील शाळामास्तर होते. त्यांच्यामागे तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळे. हे सगळं सांगतो आहे ते २०१८ च्या नोव्हेंबरासाठी.

त्या साली ऑक्टोबरअखेर माझा राहण्याचा परवाना संपत होता. नवा मिळावा म्हणून ऑगस्टातच अर्ज केला होता. जर्मन कायदा इथे खरोखर शहाणा आहे. अर्ज वेळेत केला असेल, तर निकाल लागेपर्यंत जुना परवाना चालू आहे असं धरून चालायचं. या 'धरून चालण्या'चा एक दाखला मिळतो. त्याचं नाव 'फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग'. हे नाव उच्चारायलाच अर्धा परवाना लागतो. मराठीत त्याला म्हणायचं 'काल्पनिकतेचा दाखला'. म्हणजे, सदर इसम येथे राहतो अशी कल्पना करण्यात येत आहे. गंमत वाटली. पण तो कागद हाती असल्याशिवाय देशाबाहेर गेलं, तर परत आत घेतीलच याची शाश्वती नाही. आणि तो हाती मिळायला 'टेर्मिन' लागतं. टेर्मिन म्हणजे ठरवून दिलेली भेटीची वेळ. टेर्मिन मिळालं डिसेंबरातल्या एका सोमवारचं.

इकडे सक्करदऱ्यात नोव्हेंबर लागला. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांचा परीक्षेचा महिना. आपण हयात आहोत, हे बँकेत सहीनिशी कळवायचं. आई चौऱ्याऐंशीची, गुडघे गेलेले. मामेभावानं बँकेत विचारलं, कोणी घरी येऊन सही नेईल का? वास्तविक सत्तरीपुढच्यांना अशा सोयी दारात द्या, असं रिझर्व्ह बँकेनं आधल्याच वर्षी, २०१७ च्या नोव्हेंबरात, सगळ्या बँकांना सांगितलं होतं. पण खिडकीपलीकडून उत्तर आलं, "आजींना समक्ष आणावं लागेल."

आजींना ऑटोत घालून समक्ष आणलं. आजींनी सही केली. खिडकीतला मुलगा म्हणाला, "आजी, सही मागच्या वर्षीसारखी करा."

आई म्हणाली, "मागच्या वर्षीचा हात कुठून आणू रे बाबा?"

तिसऱ्या सहीला तो मुलगा राजी झाला. रात्री आईचा फोन. हसत होती. "आज पास झाली बरं का मी. जिवंत आहे म्हणून लिहून घेतलं. तुझं काय झालं?"

"माझा निकाल राहिलाय, आई. मी सध्या काल्पनिक आहे."

"काही हरकत नाही," आई म्हणाली. "दोघांचं मिळून एक माणूस भरते."

नोव्हेंबर सरता सरता ती न्हाणीघरात पडली. दवाखान्यात ठेवलं. मी टेर्मिनाशिवायच त्या कचेरीत जाऊन उभा राहिलो. खिडकीतल्या बाई अत्यंत सौजन्यानं वागल्या, हे मुद्दाम सांगतो. त्या वसकन अंगावर आल्या असत्या तर निदान भांडता तरी आलं असतं. त्या म्हणाल्या, "जायला तुम्हाला मुळीच बंदी नाही. परत येता येईल का, ते मात्र आज सांगता येत नाही." बायकोचा आणि दहा वर्षांच्या मुलीचा परवाना माझ्या परवान्याच्या शेपटीला बांधलेला. मी सोमवारची वाट पाहिली.

आई शनिवारी गेली.

शनिवारी कळल्यावरही मी सोमवारपर्यंत थांबलो, कारण सोमवारचं टेर्मिन हुकलं असतं तर पुढलं केव्हा, ते कोणीच सांगेना. हा हिशेब मी डोकं ठिकाणावर ठेवून केला. त्याची मला आजही लाज वाटते. आणि ज्या कागदानं तो करायला लावला, त्याचा राग येतो. सोमवारी सकाळी मी रीतसर काल्पनिक झालो आणि बुधवारी सक्करदऱ्यात उतरलो. बाजार भरला होता. सामान घेऊन गर्दीतून घरी जाताना कोणीही माझ्याकडे कसलाही दाखला मागितला नाही.

आता तुम्ही म्हणाल, साहेब, दुःख समजतं, पण नियम हवेतच. मेलेल्यांच्या नावावर पेन्शन खाणारे महाभाग आहेत की नाहीत? आहेत. जरूर पकडा. पण १९६९ च्या कायद्यानं प्रत्येक मृत्यू एकवीस दिवसांत नोंदवावा लागतो. म्हणजे कोण गेलं, ते सरकारच्या एका टेबलावर लिहिलेलं असतं. ते उचलून दुसऱ्या टेबलावर न्यायचं, हे टेबलांचं काम की चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईचं? आणि टेबलावर जे लिहिलेलं असतं, त्याचीही कथा ऐका. आझमगढच्या लाल बिहारींना सरकारी दप्तरानं १९७५ च्या सुमारास मृत ठरवलं. त्यांना पुन्हा जिवंत व्हायला १९९४ साल उजाडलं. एवढी वर्षं हा माणूस कचेऱ्यांमधून समक्ष हजरच होता की!

तुम्ही म्हणाल, आता सुधारणा झाल्या आहेत. झाल्या आहेत. २०१४ पासून हा दाखला यंत्रावर अंगठा टेकवून देता येतो, २०२० पासून पोस्टमनदादा घरी येऊन तो करून देऊ शकतात. या सोयी काढणाऱ्यांना माझा नमस्कार. पण माझी तक्रार सोयीची नाही, मुळाची आहे. आपल्या इथे काय, जर्मनीत काय, कायदा उदार आहे. कायदा म्हणतो, तुम्ही जिवंत आहात, पेन्शन तुमचीच. कायदा म्हणतो, तुमचा परवाना चालूच आहे. हक्क बसल्या जागी मिळतो. त्याच्या पुराव्यासाठी मात्र रांग लावावी लागते. आणि पुरावा द्यायला उशीर झाला, तर त्याचा दंड उशीर करणाऱ्याला होत नाही. तो नेहमी खिडकीच्या अलीकडचा भरतो, मग खिडकीवर पाटी मराठीत असो की जर्मनमध्ये.

या 'समक्ष' शब्दाचं तर मला वेडच लागायचं राहिलं आहे. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार होता यावं, असा कायदा २०१० साली झाला. फार चांगलं केलं. फक्त मत द्यायला आपल्या केंद्रावर समक्ष यायचं. नागपूरचं मतदान होतं ११ एप्रिल २०१९ ला. ज्याला आईसाठी वेळेवर येता आलं नाही, त्यानं बटण दाबायला यायचं!

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती दोन्ही देशांना एकदमच सादर करतो. अर्ज वेळेत आला आणि कचेरीनं ठरल्या दिवसात कागद दिला नाही, तर कागद दिला असं समजावं. अर्जाची पोच हाच परवाना. मेल्याची नोंद नसेल, तर माणूस जिवंत आहे असं समजावं. शंका असेल, तर शंका ज्याला आली त्यानं ऑटो करून जावं. इतकी वर्षं आम्ही कल्पनेत राहिलो. आता थोडी कल्पना कचेऱ्यांनी करावी.

ही काही परदेशातून आणलेली कल्पना नव्हे. आमच्या सक्करदऱ्यातलीच आहे. ताजुद्दीनबाबांना वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं. १९०८ साली रघुजीराजे भोसल्यांनी हमी देऊन त्यांना सोडवलं आणि इथल्या आपल्या वाड्यात आणून ठेवलं. राजानं माणूस पाहिला आणि म्हटलं, हा माझा. कागद माणसाच्या मागून आला. आमच्या बाबतीत कागद पुढे चालतो आणि माणूस त्याच्यामागून धापा टाकतो.

आईच्या मृत्यूचा दाखला मी बँकेत स्वतः नेऊन दिला होता, समक्ष. पुढल्या वर्षाच्या शेवटी तिच्या नावानं पत्र आलं. आपला हयातीचा दाखला अद्याप प्राप्त झालेला नाही, तरी त्वरित समक्ष हजर राहावे. मामेभावानं फोनवर वाचून दाखवलं. दोघंही हसलो. मग बराच वेळ दोघंही काही बोललो नाही.

परवा हे सगळं मी पोह्यांच्या गाडीपाशी थोडक्यात सांगितलं. विचारणारा खट्टू झाला.

"म्हणजे तिकडेही आपल्यासारखंच म्हणा नं."

"हो."

"मंग कायले गेले होते एवढ्या दूर?"

याला उत्तर नाही. पण पोह्यावाल्याला सुचलं. यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघेल, तेव्हा महागाईचा बडग्या असतो, भ्रष्टाचाराचा असतो, तसा रबरी शिक्क्याचाही एक काढू म्हणाला. पाय छोटे, डोकं मोठं, आणि कपाळावर लिहायचं, 'समक्ष'. कागद आणि बांबूचा खर्च मी देणार आहे. गल्लीतली पोरं त्याला खांद्यावर घेऊन ओरडतील तेव्हा मीही मागून ओरडणार आहे, एक आवाज सक्करदऱ्याचा आणि एक जर्मनीचा धरून: रांगा, खिडक्या, टेर्मिनं, तिसऱ्यांदा केलेल्या सह्या, घेऊन जा गे मारबत!

मिरवणुकीला परवानगी लागते का, ते तेवढं कचेरीत विचारून यायचं आहे. समक्ष.