कोर्सवर्कमध्ये किती पडले?

शाळेतल्या एखाद्या बाई पीएच.डी. करताहेत असं कळलं की स्टाफरूममध्ये दोन प्रश्न हमखास येतात. "कधी संपणार?" आणि "कोर्सवर्कमध्ये किती पडले?" यातला दुसरा प्रश्न आपण सोडून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

यूजीसीने २००९च्या नियमावलीत कोर्सवर्क सक्तीचं केलं. नोव्हेंबर २०२२च्या नियमांनुसार ते किमान १२ क्रेडिटचं असतं आणि पुढे जायला ५५ टक्के किंवा तितकी श्रेणी लागते. बस्स. पुढे प्रबंध बाहेरचे किमान दोन परीक्षक वाचतात, मग मौखिक परीक्षा होते. प्रबंधाला ना टक्के, ना फर्स्ट क्लास. म्हणजे कोर्सवर्कचे गुण हा फक्त उंबरठा आहे. पण दहावीपासून लागलेली सवय जाते कुठे! चांगले चाळिशीतले शिक्षकसुद्धा संशोधन पद्धतीच्या नोट्स पाठ करतात, जुन्या प्रश्नपत्रिका शोधत फिरतात.

पाठ करून त्यातलं काय हाती लागतं, ते बघा. समजा, तुम्ही पाचवीच्या वर्गात भागाकार नव्या पद्धतीने शिकवलात आणि मुलांचे गुण वाढले. पद्धत चांगली, असं म्हणायचं का? शेजारच्या तुकडीचेही गुण तेवढेच वाढले असतील तर? दुसरी चाचणीच सोपी असेल तर? की तुमचा त्या महिन्यातला उत्साहच मुलांपर्यंत पोचला? हे प्रश्न स्वतःच्या कामाला विचारता येणं, यासाठी कोर्सवर्क असतं. 'नमुना निवडीचे प्रकार लिहा' याचं दहा गुणांचं उत्तर सुरेख लिहूनही हे जमत नाही, असं होऊ शकतं. तीन तासांच्या पेपरपेक्षा प्रत्येकाने आपल्याच विषयाचा आराखडा मांडावा आणि इतरांनी त्यातल्या चुका काढाव्यात, ही परीक्षा मला जास्त खरी वाटते. आपल्या जवळच मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. मुलांना अपूर्णांक कसे कळतात, असले विषय तिथे संशोधनाचे विषय असतात. आपल्या वर्गातल्या अडचणीही तितक्याच गंभीर आहेत, हे आपल्यालाच पटत नाही.

आता वेळेचं. नोकरी सांभाळून, म्हणजे अर्धवेळ पीएच.डी. करायची तर संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. त्यात तीन गोष्टी असतात: परवानगी आहे, संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी कामातून मोकळं केलं जाईल. तिसऱ्या गोष्टीकडे सही करतानाही कोणी नीट बघत नाही. मग मुलुंडहून निघालेल्या बाई सातवा तास संपवून कुर्ल्याला उतरतात, रिक्षाच्या रांगेत उभ्या राहतात आणि कलिन्याला व्याख्यान निम्मं झाल्यावर पोचतात. बोरिवलीच्या सरांचं दादरला जाताना वेगळं काही होत नाही. दिव्यांगांप्रमाणेच स्त्रियांनाही नियमांत जास्तीची दोन वर्षं आहेत, ती हवीतच. पण आठवड्यातल्या दोन दुपारी मोकळ्या मिळाल्या तर ती वर्षं मागायची वेळ कमी जणींवर येईल.

पालकहो, इथे तुमची गरज आहे. "बाई कोर्सवर्कला गेल्या, आमच्या मुलांचं काय?" ही तक्रार रास्त आहे. तो तास रिकामा जाता कामा नये. मात्र पालक-शिक्षक सभेत तक्रार बाईंच्या नावाने न करता व्यवस्थापनाला विचारा, "त्या तासाला बदली शिक्षक कोण?" प्रमाणपत्रावर सही त्यांची आहे.

आणि मुख्याध्यापकांना एकच विनंती. जूनमध्ये वेळापत्रक लावायला बसाल तेव्हा संशोधन करणाऱ्या सहकाऱ्यांचे कोर्सवर्कचे वार आधी विचारून घ्या. नंतर तास हलवायचे म्हटले की सगळ्यांचीच तोंडं वाकडी होतात.