छप्पर कुणाच्या नावावर?

गेल्या दिवाळीनंतर एक मावशी आमच्या सल्ला केंद्रात आल्या. मारहाण, पोटगी, मुलांचा ताबा अशा तक्रारी ऐकायची आम्हाला सवय. मावशींचं गाऱ्हाणं वेगळंच होतं. "मला स्लॅबवर सोलर बसवायचंय ताई, अन् मंजुरी मिळंना." माझ्याबरोबरची कार्यकर्ती हळूच म्हणाली, यांना वायरमनकडे पाठव. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं. पण मावशींनी पिशवीतून वीजबिल काढून टेबलावर ठेवलं आणि विषय आमचाच निघाला.

बिलावर नाव होतं सासऱ्यांचं. सासरे वारून चौदा वर्षं झाली. नवरा जाऊन अकरा. चौदा वर्षं एक मेलेला माणूस दर महिन्याला वेळेवर बिल भरतो आहे, असं दप्तर सांगतं. भरते आहे ती ही बाई, ब्लाउज शिवून. शिलाई यंत्राला मोटर, एक फ्रिज, दोन पंखे, मुलाच्या अभ्यासाचा दिवा. एक किलोवॅटची यंत्रणा तिला पुरते. आपल्याकडे एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास वीज मिळते आणि जागा लागते साधारण शंभर चौरस फूट. तेवढा स्लॅब मावशींच्या डोक्यावर आहे. तो त्यांनी आणि नवऱ्याने मिळून घातला, गवंड्याच्या हाताखाली स्वतः घमेली वाहून. फक्त तो "त्यांचा" आहे असं सांगणारा एकही कागद नाही.

केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. एक कोटी घरांवर सौर पॅनेल बसवायचे, पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे तीस हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला एकूण अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान, असा तिचा हिशेब. त्याच महिन्यात वीजग्राहकांच्या हक्कांचे नियमही बदलले. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला आता तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी लागत नाही, अर्ज मंजूर झाला असंच धरायचं. म्हणजे यंत्राची परवानगी सोपी झाली. पूर्वी इंजिनिअर येईपर्यंत वाट पाहावी लागे, ती अडचण सरकारने दूर केली आणि ते चांगलंच केलं. पण अर्जाच्या पहिल्याच पानावर ग्राहक क्रमांक मागतात, आणि तो क्रमांक ज्याच्या नावावर त्याचा अर्ज. शिवाय घर स्वतःच्या मालकीचं हवं. इथे आमच्या बायांची गाडी अडते. वीज कार्यालयातल्या साहेबांनी मावशींना सांगितलं, "बिलावर ज्यांचं नाव आहे त्यांना घेऊन या." मावशी म्हणाल्या, "कुठून आणू?"

मग नावबदल. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांत याची वाट दिलेली आहे. आधीच्या ग्राहकाचं संमतीपत्र, आणि ते नसेल तर मालकीचा पुरावा, वाटणीपत्र, नोंदणीकृत दस्त किंवा वारस दाखला यांपैकी काही एक. कागदावर वाचताना किती सोपं वाटतं! पण गावात यातला प्रत्येक कागद एकाच दारावरून जातो, आणि ते दार दिराचं असतं. मावशींच्या कार्यालयात तर "भावकीची ना हरकत आणा" एवढंच तोंडी सांगितलं गेलं. त्या दिराकडे गेल्या. दीर काही वाईट माणूस नाही; नवऱ्याच्या आजारपणात त्यानेच दवाखान्यात रात्री काढल्या होत्या. तो शांतपणे म्हणाला, "सही देतो की वहिनी. तेवढं तालुक्याला जाऊन हक्कसोड करून द्या, म्हणजे पुढं पोरांच्यात भांडण नको."

एका किलोवॅटच्या बदल्यात घराचा हिस्सा! आणि हे इतक्या सहज, इतक्या प्रेमाने मागितलं गेलं की मावशींना ते गैर वाटलंच नव्हतं. त्या आमच्याकडे आल्या होत्या त्या हक्कसोडपत्राची भाषा बरोबर आहे का हे विचारायला. ते पत्र लिहून तयार होतं. फक्त अंगठ्याची जागा रिकामी होती.

मैत्रिणींनो, कायदा या बाईच्या बाजूने स्पष्ट आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून विधवा ही नवऱ्याच्या पहिल्या वर्गातल्या वारसांत आहे. नवरा सासऱ्याच्या आधी गेला असता, तरीही आधी वारलेल्या मुलाची विधवा म्हणून सासऱ्याच्या वारसांत ती पहिल्याच वर्गात येते. तरीही चौदा वर्षांत ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर वारसनोंद झाली नाही. कुणी अडवली नव्हती. कुणी लावलीच नाही. दिराला गरज नव्हती आणि मावशींना ठाऊक नव्हतं. (नमुना आठ हा मुळात घरपट्टीचा कागद, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे, हे खरं. पण गावात आणि कार्यालयातही तोच चालतो, म्हणून त्यावर नाव असणं महत्त्वाचं.) ग्रामपंचायत हद्दीतलं घर नवराबायको दोघांच्या नावे लावावं, असं राज्य सरकारने २००३ साली सांगितलं होतं. "घर दोघांचं" या घोषणेखाली आपल्यातल्या कितीतरी जणी गावोगाव फिरल्या. घरपट्टीच्या कागदापर्यंत आपण पोचलो. वीजबिलाकडे मात्र आपलं कुणाचंच लक्ष गेलं नाही, माझंही नाही.

वारसनोंदीचा अर्ज लिहायला बसलो तेव्हा एक अवघड प्रसंग आला, तोही सांगायला हवा. सासऱ्यांचे वारस म्हणून दोन नणंदांची नावंही येणार होती. मावशी एकदम म्हणाल्या, "त्यांची कशाला? त्या दिल्या घरी सुखी आहेत." आम्ही गप्प झालो. दिराने मावशींना जे सांगितलं, तेच मावशी नणंदांना सांगत होत्या. दोन तास गेले त्या बोलण्यात. शेवटी मावशीच थोरल्या नणंदेला फोन लावायला तयार झाल्या. नणंद आली, नाव लावून घेतलं, आणि पॅनेलला संमतीचा कागदही लिहून दिला. "माझ्या बापाच्या स्लॅबवर वहिनीची वीज होणार, त्यात माझं काय जातंय?" असं म्हणाली. बापाचा नव्हे, वहिनीचा स्लॅब, असं आम्ही मनात म्हटलं, पण असो.

आमच्याच एका बैठकीत प्रश्न आला होता की सोलर हा बंगलेवाल्यांचा विषय, स्त्रीप्रश्नाशी त्याचा काय संबंध? मला हा प्रश्न पटत नाही. बचत गटातल्या दुसऱ्या एका बाईची गोष्ट ऐका. तिने गटातून आणि बँकेतून कर्ज काढून दोन किलोवॅटचे पॅनेल बसवले. घर आणि बिल नवऱ्याच्या नावावर, त्यामुळे अर्ज नवऱ्याचा. अनुदान जमा होतं ते अर्जदार ग्राहकाच्या बँक खात्यात. साठ हजार रुपये नवऱ्याच्या खात्यात आले आणि नव्या दुचाकीवर गेले. गटाचा हप्ता ती अजून फेडते आहे. यात कुणी नियम मोडला का? कुणीच नाही. नियमच असा आहे की पैसे कुणी उभे केले हे तो विचारत नाही, बिलावर नाव कुणाचं एवढंच विचारतो. उद्या या नवऱ्याने तिला घराबाहेर काढलं, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला त्या घरात राहण्याचा हक्क आहे. पण पॅनेल, मीटर आणि वर्षअखेर शिल्लक युनिटचे जमा होणारे पैसे त्याच्याच नावावर राहतील.

माझं म्हणणं एवढंच आहे. २००३ च्या वीज कायद्याचं कलम ४३ सांगतं की जागेचा मालक किंवा भोगवटादार, कुणीही अर्ज केला तरी त्याला वीज द्यायची. भोगवटादार म्हणजे तिथे राहणारा. संसदेने हा शब्द मुद्दाम घातला, कारण दिवा लागतो तो राहणाऱ्याला. मग त्याच घराच्या छतावरून वीज घेताना तोच भोगवटादार का चालू नये? पॅनेल म्हणजे भिंत नव्हे. नटबोल्ट सोडवले की खाली उतरतात. उद्या वाटणी झाली तर जिचे तिने न्यावेत. पंचवीस वर्षं टिकणारी वस्तू आहे, मध्येच वाद झाला तर कार्यालय अडचणीत येईल, अशी साहेबांची भीती मी समजू शकते. त्यासाठी तसं हमीपत्र घ्या. पण हमीपत्र बाईचं घ्या, दिराचं नको. आणि वीजजोडणी नवराबायको दोघांच्या नावे सरसकट करा, अनुदान जिने कर्ज काढलं तिच्या खात्यात टाका.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपल्याला करण्यासारखं बरंच आहे. गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीला वीजबिल घेऊन यायला सांगा. आम्ही सांगितलं. तेवीसजणी आल्या. स्वतःचं नाव होतं चौघींच्या बिलावर, त्यातल्या दोघी वेगळ्या राहणाऱ्या परित्यक्ता. एकटं राहावं लागलं म्हणूनच त्यांनी मीटर घेतलेलं. सात बिलं वारलेल्या माणसांच्या नावाची. एका बिलावर तर घर ज्याच्याकडून विकत घेतलं त्याचंच नाव अजून होतं. बैठक संपल्यावर बाया एकमेकींची बिलं वाचत बसल्या होत्या.

मावशींसाठी आम्ही शेवटी कलम ४३ ची वाट धरली. दिराची चूल वेगळी, दार वेगळं, म्हणून त्यांच्या दोन खोल्यांसाठी भोगवटादार म्हणून स्वतंत्र जोडणीचा अर्ज दिला. दोन वेळा परत आला, तिसऱ्यांदा कलमाचा आकडा लाल शाईने लिहून दिला. माघाच्या शेवटी मीटर बसलं. पहिलं बिल आलं तेव्हा मावशी ते दाखवायला एसटीने केंद्रात आल्या. रक्कम नेहमीपेक्षा जास्तच होती, नवीन जोडणीचा आकार धरून. ते त्यांनी पाहिलंही नव्हतं. हक्कसोडपत्राचा तो लिहिलेला कागद आमच्या फाइलीत तसाच आहे, अंगठ्याविना. वारसनोंद झाली आहे. धाकट्या नणंदेची आणि दिराची छतासाठीची संमती अजून यायची आहे. दीर म्हणतो, बघू पाडव्यानंतर.