आधी उपाहारगृह, मग शाळेची पंगत

महासाथीच्या काळात लस न मिळालेल्या मुलांनी इतरांसमवेत बंदिस्त जागेत बसून जेवावे काय, हा प्रश्न पाश्चात्त्य नगरांत मुख्यतः उपाहारगृहांच्या संदर्भात विचारला गेला. न्यूयॉर्क शहराने १४ डिसेंबर २०२१ पासून ५ ते ११ वर्षांच्या मुलांनाही लशीची किमान एक मात्रा घेतल्याखेरीज उपाहारगृहात बसण्यास मनाई केली. तेथे या वयाच्या मुलांना नोव्हेंबरपासून लस मिळू लागली होती. आपल्याकडे १५ ते १७ वयोगटाचे लसीकरण ३ जानेवारी २०२२ रोजी आणि १२ ते १४ वयोगटाचे १६ मार्च २०२२ रोजी सुरू झाले. त्याहून लहान मुलांपर्यंत राष्ट्रीय मोहीम पोहोचलीच नाही. साहजिकच हा प्रश्न आपल्यापुढे निराळ्या रूपात उभा राहिला. लातूर-बार्शी मार्गावरील, तेरणा साखर कारखान्यामुळे परिचित असलेल्या ढोकीसारख्या गावात श्रमिकाचे मूल चारचौघांत बसून जेवते ते उपाहारगृहात नव्हे, शाळेच्या पंगतीत.

या पंगतीचे काय झाले, हे तारखांच्या साहाय्याने पाहणे उद्बोधक ठरेल. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि चुलीही विझल्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रातील उपाहारगृहांना निम्म्या आसनक्षमतेने रात्री दहापर्यंत व्यवसाय करण्याची मुभा मिळाली. त्याच सुमारास मोठ्या व्यापारी संकुलांत लस घेतलेल्यांनाच प्रवेश, असा नियम झाला; परंतु अठरा वर्षांखालील मुलांना वयाचा पुरावा दाखवून आत जाता येत होते. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग मात्र १ डिसेंबर २०२१ रोजी उघडले, आणि शिजवलेले अन्न पानात पडण्यास २०२२ साल उजाडावे लागले. म्हणजे लस न घेतलेले मूल आईबापांबरोबर उपाहारगृहात डोसा खाऊ शकत होते. तेच मूल शाळेच्या ओसरीवर खिचडी खाऊ शकत नव्हते.

जेवताना मुखपट्टी काढावीच लागते, म्हणून सहभोजनात धोका आहे हे निर्विवाद. परंतु सर्व सहभोजने सारखी नसतात. २४ जानेवारी २०२० रोजी चीनमधील ग्वांगझू येथील एका वातानुकूलित उपाहारगृहात शेजारशेजारच्या टेबलांवर बसलेल्या तीन कुटुंबांतील दहा जण बाधित आढळले. बंद खोली आणि तीच ती फिरणारी हवा हे तेथील संसर्गाचे प्रमुख कारण. आपल्या खेड्यांतील शाळांची पंगत बहुधा ओसरीवर, व्हरांड्यात वा झाडाखाली बसते. पंधरा-वीस मिनिटांत उठते. धोक्याच्या तराजूत तोलले असता ही पंगत उपाहारगृहाच्या आधी सुरू व्हावयास हवी होती. २० जुलै २०२१ रोजी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालकांनीही शाळा उघडताना प्राथमिक शाळांपासून आरंभ करणे श्रेयस्कर ठरेल, असे मत व्यक्त केले होते. परिषदेच्या त्या वेळच्या पाहणीत ६ ते ९ वर्षांच्या ५७.२ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली होती. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांना घरी बसूनही संसर्ग स्पर्शून गेला होता.

दुसरे पारडे गरजेचे. शाळेतील भोजन हे औदार्य नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शिजवलेले अन्न देणे राज्यांवर बंधनकारक झाले आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो मुलांचा हक्क ठरला. प्राथमिक शाळेतील मुलास रोज ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरलेले आहे. उपाहारगृहात बसण्याचा असा कोणताही हक्क कायद्यात नाही.

यावर असे म्हटले जाईल की, मुले उपाशी राहिली नाहीत, कारण तांदूळ आणि कडधान्याचा कोरडा शिधा घरी पोहोचत होता. तो पोहोचला हे चांगलेच झाले. परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे एक भेद करील. घरी आलेला शिधा साऱ्या कुटुंबाच्या डब्यात पडतो. मजुरी बुडालेल्या घरात त्यातून पाच-सहा तोंडांची सोय होते आणि तेवढे धान्य विकत घेणे टळते. ताटात वाढलेली खिचडी मात्र त्या मुलाच्याच पोटात जाते. शिवाय सुगीच्या आणि ऊसतोडीच्या दिवसांत पहाटेच घर सोडणाऱ्या आईला दुपारी चूल पेटविण्यास उसंत कोठून असणार?

मुले घरातील वृद्धांना संसर्ग देतील, ही भीती अनाठायी नव्हती. दुसऱ्या लाटेने घरोघर दिलेले घाव पाहता पालकांनी कचरणे स्वाभाविकच होते. परंतु त्यावरचा उपाय वृद्धांचे, शिक्षकांचे आणि स्वयंपाक करणाऱ्या बायकांचे लसीकरण आधी पुरे करणे हा होता. साठ वर्षांवरील व्यक्तींसाठी ते १ मार्च २०२१ पासून आणि सर्व प्रौढांसाठी १ मेपासून खुले झाले होते. प्रौढांची जबाबदारी लहानांच्या ताटावर ढकलणे न्याय्य म्हणता येणार नाही.

तरीही क्रम उलटा का लागला? उपाहारगृहांच्या मालकांना संघटना असते, बुडालेल्या उत्पन्नाचा आकडा असतो, मंत्रालयात निवेदन देण्याची सोय असते. दुसरीतल्या मुलाच्या बुडालेल्या जेवणाची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. व्यावसायिकांची मागणी गैर होती असे नव्हे. त्यांच्यापाशीही पोट भरणारे कामगार होतेच. परंतु जोखीम मर्यादित असेल, तर ती कोणासाठी आधी पत्करावयाची, हे गरजेवरून ठरले पाहिजे, आवाजावरून नव्हे.

पुढची साथ केव्हा येईल हे कोणीच सांगू शकत नाही. ती येण्यापूर्वी एक साधा नियम शासनाने लिहून ठेवावा : चारचौघांत बसून जेवण्यास जेव्हा परवानगी मिळेल, तेव्हा पहिली पंगत शाळेची बसेल, उघड्यावर, अंतर राखून, छोट्या तुकड्यांत. शिक्षक व पालक यांनी शाळा व्यवस्थापन समित्यांतून हा आग्रह आजच धरावयास हवा. साथ आल्यानंतर तो धरण्यास कोणालाच सवड नसते.