पाठ टेकली तरच चीत

एका कोरियन चित्रपटाविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात. नाव ‘द फाउल किंग’, दिग्दर्शक किम जी-वून, साल २०००. बँकेतील एका भित्र्या कारकुनाची मान त्याचा साहेब काखेत धरून आवळतो. त्या पकडीतून सुटता यावे एवढ्यासाठी हा बापडा तालीम गाठतो आणि शेवटी मुखवटा चढवून, लबाडी करणारा खलनायक पैलवान म्हणून आखाड्यात उतरतो. सोंग कांग-हो याने हे काम असे केले आहे की हसून पोट दुखते.

माझा एक मित्र म्हणाला, “निव्वळ पोरखेळ!” मला ते पटत नाही.

कारण तो कारकून मला ओळखीचा वाटला. या वर्षी एका दाखल्यासाठी मी एका कचेरीत तीन दिवस खेपा घातल्या. खिडकीतून उत्तर एकच, “उद्या या.” घरची मराठी, शाळेतली कन्नड, दोन्ही भाषा येत असून माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

वास्तविक कुस्ती आपल्याला परकी नाही. मराठीत तालीम, कन्नडमध्ये गरडी. ‘कुस्ती’ हा शब्द मात्र दोन्हीकडे एकच. जत्रेतला फड रेवड्यांच्या कुस्तीपासून रंगत जातो. परंतु पदवीच्या मागे लागलेले आपण तालीम म्हणजे न शिकलेल्यांची जागा समजतो. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते, हे आपण विसरतो.

रवी जाधव यांच्या ‘नटरंग’मध्ये (२०१०) प्रवास उलटा आहे. तिथे पैलवान गुणा तमाशात नाच्या होतो. पण दोघांनाही आधी लोकांचे हसणे सोसावे लागते. भित्रा माणूस माराला जितका भितो, त्याहून अधिक हसे होण्याला भितो. ती भीती गेली की निम्मी कुस्ती जिंकली, असे माझे मत आहे.

साहेबाला लोळवून सूड घेतला, असा सोपा शेवट या चित्रपटाला नाही. आणि तेच मला खरे वाटते. फडात पोटावर पडून माती धरलेला गडी हरलेला नसतो. पाठ टेकली तरच चीत.

परवा मी पुन्हा त्या खिडकीशी गेलो. “उशिराचे कारण लिहून द्या,” म्हणालो. आवाज कापत होता, मागचे दोघे हसलेही. दाखला अजून मिळालेला नाही. पण पाठही टेकलेली नाही.